मुन्नाच्या रिकाम्या पुड्या

तळेगावला आमचं दुकान पुढे आणि घर मागे, मधे नुसता एक गोणपाटाचा पडदा. तळेगाव म्हणजे श्यामजी पंताचं तळेगाव, वर्ध्याकडच्या आष्टी तालुक्यातलं. पुलगावची मावशी आली की पहिल्याच घासाला म्हणायची, "माय वं, तुमच्या वरनाले बी गुळाच्या ढेपेचा वास येते." खोटं नव्हतं ते. गूळ, खोबरं, रॉकेल, सुक्या मिरच्या, कपड्याचा साबण, सगळे वास पडद्याखालून आत यायचे आणि आमच्या अंथरुणापांघरुणात मुक्कामाला राहायचे. शाळेत माझ्या शेजारी बसणारी पोरगी माझ्या वहीचा वास घेऊन सांगायची, आज तुमच्याकडे कोणता माल उतरला. आवाजही तसेच. मोठ्या रस्त्यावरून अमरावतीकडे जाणाऱ्या ट्रकांचे भोंगे, तराजूच्या पारड्यावर पडणाऱ्या वजनांचा खणखणाट, कागद फाडल्याचा टर्रकन आवाज, आणि वर आढ्याला टांगलेल्या दोऱ्याच्या रिळाची कुरकुर. पुडी बांधायला बाबा दोरा ओढायचे तेव्हा ते रीळ गोल गोल फिरायचं. त्या रिळाला तेल घाला म्हणून आई वर्षानुवर्षं सांगत होती. दुकानात तेलाचे पिंप भरलेले असायचे, पण त्या रिळाच्या नशिबी थेंबभर तेल काही आलं नाही.

गादीवर बसायचे मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मोठीआई मी अगदी लहान असतानाच गेली, त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे आमचंच घर त्यांचं घर. अंगात बंडी, खांद्यावर दुपट्टा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. आवाज असा की रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावाल्याला हाक मारायला त्यांना उठावं लागायचं नाही. बाबा त्यांच्या उलट. तराजूपाशी उभे राहून दिवसभर तोलायचे आणि बांधायचे, बोलायचं काम भावावर सोपवून मोकळे. आई आत. ती मोठेबाबांसमोर कधी बोललेली मी ऐकली नव्हती. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, डोक्यावर पदर घ्यायचा आणि तोंड बंद ठेवायचं, ही तिच्या माहेरची रीत तिने पडद्याच्या त्या बाजूला राहून पाळली होती. काही सांगायचं असलं तर मला पुढे करायची. "मोठेबाबाले सांग, जेवन झालं." मोठेबाबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे, त्यांनी ते ऐकलेलंही असायचं, तरी मी सांगेपर्यंत ते उठायचे नाहीत. मला तेव्हा याचं हसू यायचं. आज मी वडनेरच्या शाळेत शिकवते, तिथल्या नव्या मास्तरणींना हे सांगते तेव्हा त्यांना ते खरंच वाटत नाही.

आणि तांदळाच्या पोत्यावर बसायचा मुन्ना, माझा धाकटा भाऊ. दिसायला असा देखणा की येणारी-जाणारी बाई गाल ओढायला हात पुढे करायची, आणि हात लागला की तो असा किंचाळायचा की बाई सौदा तिथेच टाकून पळायची. मुन्ना बोलत नव्हता. ऐकू सगळं यायचं, पण हाक मारली तर बघायचा नाही. तराजूचं पारडं हलत असलं की मात्र त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान यायचं, जसं आमच्या मोठेबाबांच्या चेहऱ्यावर पाटोडीच्या तर्रीचा पहिला भुरका घेतल्यावर यायचं. खायचा तो चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकर, आणि तीही भाकर गोल असली तर. कडेला जराशी चिरली तरी ताट बाजूला. संत्र्याच्या दिवसांत घरात टोपलीभर संत्री असायची; तो फोडीला हात लावायचा नाही, साल मात्र नाकाशी धरून दुपारच्या दुपार बसायचा. आज ऑटिझम हा शब्द आमच्या शाळेच्या पालकसभेतसुद्धा ऐकू येतो. तेव्हा आमच्या गावात त्याच्यासाठी मुका, येडा आणि बाहेरचं लागलेला एवढेच शब्द होते, आणि तिन्ही ऐकून आईने कानांवर हात ठेवणं सोडून दिलं होतं.

आता दुकानाची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. खेड्यापाड्यातली पुष्कळ गिऱ्हाइकं अशी असायची की ज्यांना चहाच्या किंवा साबणाच्या कंपनीचं नाव वाचता यायचं नाही, आणि उच्चारता तर त्याहून नाही. ती घरातली रिकामी पुडी घेऊन यायची. म्हाताऱ्या बायका पदराच्या गाठीतून चहाचा चुरगळलेला कागद काढायच्या, लहान पोरं मुठीत साबणाचं वेष्टन आणायची. दुकानाच्या पुढच्या फळीवर ठेवायचं, आणि बाबा त्याच्याकडे एक नजर टाकून तसलीच भरलेली पुडी समोर ठेवायचे. एक अक्षर न बोलता सौदा पुरा. आम्हाला यात काही विशेष वाटत नव्हतं. पण तांदळाच्या पोत्यावरून कुणीतरी हे रोज बघत होतं, आणि त्याला ते फार पटलेलं होतं.

ती दुपार बाजाराची होती. फळीपाशी ही गर्दी. त्या गर्दीत खालून एक हात वर आला आणि त्याने बिस्किटांचा रिकामा कागद फळीवर ठेवला. बाबांनी न बघताच मागे वळून पुडा काढला, त्या हातात दिला आणि दुसऱ्याची तूरडाळ तोलायला घेतली. डाळ अर्धी तोलून झाल्यावर त्यांचा हात थांबला. "दादा," ते मोठेबाबांना म्हणाले, "आता बिस्किट कोनं नेलं?" मोठेबाबांनी चष्मा वर केला. मुन्ना पोत्यावर बसून पुडा दातांनी फोडत होता. बाबा फळीवर ठेवलेला तो रिकामा कागद उचलून उलटसुलट करत राहिले. मग पडदा बाजूला सारून आत आले आणि आईसमोर तो कागद धरून म्हणाले, "मुन्नानं मांगतलं वं. मले मांगतलं त्यानं." बाहेर गिऱ्हाईक ओरडत होतं, डाळ पारड्यात तशीच होती, आणि माझे मायबाप चुलीपाशी उभे राहून एका चुरगळलेल्या कागदाकडे बघून रडत होते. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन. मोठी माणसं आनंदाने रडतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर आमच्या घरातून एकही कागद फेकला गेला नाही. आईने पत्र्याचा एक डबा काढला आणि त्यात मुन्नाच्या पुड्या जमू लागल्या. बिस्किटाची, चहाची, उदबत्तीची (तिचा वास त्याला आवडायचा), आणि अंघोळीच्या साबणाची. साबणाची पुडी आणून दिली की त्याला अंघोळ घालायची असा करार झाला. पण करार करताना वेळ ठरवायला आम्ही विसरलो. एकदा भर दुपारी गिऱ्हाइकांसमोर पठ्ठ्याने फळीवर साबणाचा कागद ठेवला आणि उत्तराची वाट न पाहता कपडे काढायला सुरुवात केली. मोठेबाबा ओरडले, "अरे, पकडा त्याले! दुकान हाये का घाट हाये हे!" आणि मग स्वतःच दुपट्टा त्याच्याभोवती गुंडाळून हसत सुटले. फजित्या वेगळ्याही झाल्या. बिस्किटाच्या कंपनीने पुडीचा रंग बदलला. बिस्किट तेच, चव तीच, पण मुन्नाच्या लेखी ते बिस्किट जगातून नाहीसं झालं. तो जुना कागद आणायचा, आम्ही नवी पुडी द्यायचो, तो ती ढकलून हंबरडा फोडायचा. शेवटी आईने नवी बिस्किटं जुन्या कागदात बांधून दिली तेव्हा कुठे घरात शांतता झाली. कंपनीच्या मालकाला आमच्या घरात त्या आठवड्यात काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्याच्या कानावर गेलं नाही हे बरं झालं.

पण पाण्याची पुडी कुठे मिळते? भाकरीची? बाहेर जायचं आहे, याची? तिथे आमचं घोडं अडलं. तेव्हा कुणीतरी सांगितलं की सेवाग्रामच्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम येतात. आईबाबा, मुन्ना आणि मी, आम्ही चौघं एसटीच्या लाल गाडीने आर्वी, आर्वीहून वर्धा, तिथून पुढे, असं करत गेलो. मुन्ना सगळा रस्ता खिडकीच्या गजाला जीभ लावून होता. मॅडम लहानशा, सडसडीत, पांढऱ्या पडलेल्या केसांची वेणी. त्यांनी टेबलावर पांढरी कार्डं मांडली. काळ्या रेघांनी काढलेला पेला, ताट, चप्पल, खुर्ची. मला तर बघताक्षणी सगळं ओळखू आलं आणि शहाण्यासारखी मी लगेच सांगूनही टाकलं. मॅडम म्हणाल्या, "तू थांब बेटा." मुन्नाने एक कार्ड उचललं, त्याची कड गालावर घासली, वास घेतला, आणि मग सगळी कार्डं टेबलाच्या काठाला अगदी सरळ रेषेत लावली. मॅडमनी पाण्याने भरलेला पेला समोर ठेवला, पेल्याचं कार्ड दाखवलं. त्याने पाणी पिऊन टाकलं. कार्डाकडे बघितलंही नाही. आईचा चेहरा उतरला. तिने पिशवीतून तो पत्र्याचा डबा लाजत लाजत काढला आणि मला म्हणाली, "मॅडमले सांग, आमच्या घरी हे चालते."

मॅडमनी डबा उघडला आणि त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी शिपायाकडून आमच्यासाठी चहा मागवला. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी जे सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं असं म्हणणार नाही, पण त्याचा गाभा आठवतो. त्या म्हणाल्या, आपण रेघांचा पेला बघतो तेव्हा आपल्याला रेघा दिसतच नाहीत, पेलाच दिसतो. या मुलाला आधी कागद दिसतो, त्याची कड दिसते, काळी रेघ दिसते. रेघ कशी काय पाणी पाजेल, हे त्याला कुणी पटवून दिलेलं नाही. पुडीचं मात्र त्याला पटलंय, कारण पुडी त्या वस्तूच्या अंगाचीच आहे. "तुमच्या दुकानानं अर्धं काम केलंय," त्या बाबांना म्हणाल्या, "आता पुडीवरून हळूहळू चित्रावर यायचं. घाई करायची नाही." बाबा, जे कुणासमोर चार शब्द बोलत नसत, त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "घाई नाई मॅडम. आमी दुकानदार हावो, दिवसभर बसूनच राह्यतो."

मग सुरू झाला आमचा कारखाना. पुडीच्या एका कोपऱ्यावर त्याच वस्तूचं लहानसं चित्र चिकटवायचं. तो ते घेऊन आला की वस्तू द्यायची. काही दिवसांनी पुडी कातरायची आणि चित्र मोठं करायचं. असं करत करत एक दिवस पुडी संपते आणि चित्र उरतं. चित्रकार मी. पाण्यासाठी मी मॅडमचा पेला काढला नाही, कारण आमच्या घरी पेल्याने पाणी पितंच कोण! मी आमचा पितळी गडू काढला. मुन्ना ढिम्म. मग माझ्या लक्षात आलं की त्याच्या गडूला पोटावर एक पोचा आहे, कधीतरी विहिरीवर पडल्याचा. मी चित्रात तो पोचा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ते कार्ड घेऊन माठापाशी उभा! आईने मला जवळ घेऊन माझ्या केसांवरून हात फिरवला आणि त्या दिवशी न मागता माझ्या ताटात सांभारवडी वाढली. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. नाहीतर त्यांना वाटेल, इडलीबरोबरचं काही. पोचा नसलेला कुठलाही गडू म्हणजे पाणी, हे त्याला पटायला पुढे पुष्कळ महिने गेले. पण पटलं. मॅडम दर भेटीत डबा उघडून बघायच्या आणि दर भेटीत म्हणायच्या, "मागणं आलं. आता सांगणं यायला हवं." आम्ही माना डोलवायचो. खरं सांगायचं तर आम्हा कुणालाच त्यातलं काही कळलेलं नव्हतं. फळीवर कुणी पुडी ठेवली की तसला माल द्यायचा, आमच्या घराण्याला पिढ्यान्पिढ्या एवढंच ठाऊक होतं.

अशी दोनेक वर्षं बरी गेली, आणि मग ते वाईट दिवस आले. मुन्ना अचानक बिघडला. जेवणाचं ताट भिरकावून द्यायचा. गोल भाकरही नको. फळीच्या कडेवर जबडा आपटायचा, स्वतःच्या मनगटाला चावायचा, रक्त येईपर्यंत. दुपारी दुकान भरलेलं असताना त्याच्या किंकाळ्या सुरू व्हायच्या, आणि आई त्याला धरायला धावली की तिलाही बोचकारायचा. डब्यातली सगळी कार्डं त्याच्यासमोर पसरून झाली. बिस्किट देऊन झालं, साबण देऊन झाला, संत्र्याची साल देऊन झाली. काही नको होतं. आणि मग एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकणीला तो चावला. बिचारीने काही तक्रार केली नाही, उलट "लेकरू हाये" म्हणाली, पण तिच्या हातावरचे दातांचे व्रण मोठेबाबांनी पाहिले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी नागपूरला गेले, ते अशा मुलांची एक निवासी शाळा बघूनच परतले. "चांगली हाये," ते बाबांना म्हणाले, "बगीचा हाये, सिस्टरा हायेत. आपल्याच्यानं होत नाई रे आता. उद्या कोन्या लेकराचा डोळा फोडला त्यानं, मंग? आन् पोरीचं बी पाहा लागते. दोन सालात तिच्यासाठी पाहुने येतीन." बाबा खाली बघत राहिले. जागा मिळाली, जायचा दिवस ठरला. मोठेबाबांवर मी तेव्हा फार चिडले होते. आज म्हातारपणाकडे झुकल्यावर कळतं, तो माणूसही त्या लेकराला घाबरून नाही, त्याच्यासाठी घाबरून बोलत होता.

आई मुन्नाचे कपडे घड्या करायला बसली. पदर डोक्यावर, तोंड बंद. तिने मला सांगितलं, "त्याच्या कार्डांची दुसरी जोडी काढ. तिकडच्या लोकाइले समजलं पायजे, तो काय मांगते ते." मी काढत बसले. गडू काढताना पोचा काढू की नको, हे ठरवता येईना, कारण तिथे तो गडू कुठून असणार. तेवढ्यावरून मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जायचं, आणि आदल्या दुपारी मुन्ना डब्यापाशी गेला. त्याने लाल मंजनाची पुडी काढली. तिच्यावर तोंड उघडून हसणाऱ्या एका माणसाचं चित्र, पांढरेशुभ्र दात. हे मंजन गोडसर असायचं आणि मुन्नाला ते चाटून खायचा नाद होता, म्हणून आई भरलेली पुडी वरच्या फळीवर लपवून ठेवायची. त्याने रिकामी पुडी बाबांसमोर ठेवली. "नाई बेटा, मंजन खाऊ नाई," बाबा म्हणाले. त्याने ती उचलून पुन्हा ठेवली. "नाई म्हटलं ना!" मोठेबाबा गादीवरून म्हणाले. मुन्ना किंचाळला, जबडा फळीवर आपटला, आणि पुडी पुन्हा समोर. बाबांचा धीर सुटला. "दे, खाऊ दे, उद्यापासून कोन अडवायले बसलं त्याले," असं म्हणून त्यांनी वरची भरलेली पुडी काढून त्याच्या हातात दिली. मुन्नाने ती फेकून दिली. लाल भुकटी दुकानभर पसरली. आणि त्याने तीच रिकामी पुडी उचलून पुन्हा फळीवर ठेवली. मोठेबाबा कपाळाला हात लावून म्हणाले, "आता काय करावं बापा! मांगते बी, आन् देल्लं तर फेकते बी."

तेव्हा पडदा सरला आणि आई दुकानात आली. गिऱ्हाइकांसमोर, मोठेबाबांसमोर. ती मुन्नासमोर खाली बसली आणि पुडी हातात घेऊन म्हणाली, "त्याले मंजन नाई पायजे." मुन्नाने तिच्या हातातून पुडी ओढून घेतली आणि आपल्या उजव्या गालावर दाबून धरली, चित्राची बाजू आत. आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने दोन बोटांनी त्याची हनुवटी धरली. तोंडाला हात लावू न देणारा माझा भाऊ, त्याने तोंड उघडलं. आत मागची दाढ काळी पडून पोखरलेली होती आणि तिच्याखालची हिरडी ही एवढी सुजून पिवळी झाली होती. आईने मान वळवली आणि मोठेबाबांकडे सरळ बघून बोलली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. "भाऊजी, लेकरू काई मांगत नाई हाये. सांगून राह्यलं. दात दुखून राह्यला त्याचा, ते सांगून राह्यलं. कित्येक दिवसाचं सांगत असन, अन् आपन त्याले बिस्किटं देऊन राह्यलो."

मोठेबाबा उठले. त्यांनी टोपी घातली, रस्त्यापलीकडच्या जीपवाल्याला हाक मारली, आणि मुन्नाला स्वतः उचलून आर्वीला दाताच्या डॉक्टरकडे नेलं. आई आणि मी मागे बसलो. डॉक्टरांनी तोंडात दिवा धरला आणि म्हणाले, "इतकं दुखत असताना या लेकरानं काय काय सहन केलं असेल!" मोठेबाबांनी मुन्नाचे पाय धरून ठेवले होते, तो त्यांच्या छातीवर लाथा मारत होता आणि ते म्हणत होते, "मार बेटा, मार, तुहा हक्क हाये." दाढ निघाली. परतीच्या रस्त्यावर तो आईच्या मांडीवर झोपला, तोंडात कापूस, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या मुठी सैल पडल्या होत्या. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक दगडाला हात जोडावेत असं मला वाटत होतं, आणि सेवाग्रामच्या त्या सडसडीत बाईंनाही. सांगणं म्हणजे काय, ते तेव्हा आम्हाला कळलं.

नागपूरचं जाणं थांबलं, पण मिटलं नाही. मोठेबाबांनी जागा महिनाभर राखून ठेवायला सांगितली. "पाहू," एवढंच म्हणाले. आई पुन्हा पडद्याआड गेली, पण आता जेवण झाल्याचं सांगायला मला बोलावत नव्हती, स्वतःच म्हणायची, "भाऊजी, ताट वाढलं." एका दुपारी मोठेबाबांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हाच कळलं. "त्या डब्यात माहं चित्र हाये का वं?" मी बघितलं. त्यांचं नव्हतं, आईचं नव्हतं, माझं नव्हतं. माणूसच नव्हतं डब्यात. मालाचं दुकान ना आमचं, माणसाची पुडी कुठून असणार!

मोठेबाबा दुसऱ्याच दिवशी फोटो स्टुडिओत जाऊन आले. स्टुडिओवाल्याने त्यांना आपल्याकडचा कोट चढवला, केसांना तेलपाणी केलं, चष्मा काढायला लावला आणि रंगवलेल्या धबधब्यासमोर उभं केलं. फोटो असा रुबाबदार की बाबांनी आधी विचारलं, "हे कोन व्हय?" मुन्नाने तो हातात घेतला, बोटाने धबधब्याच्या रेघा गिरवल्या आणि जमिनीवर ठेवून दिला. मोठेबाबांचा चेहरा इतका पडला की मला हसू आवरेना आणि रडूही. मग मीच म्हटलं, "मोठेबाबा, असे कुठं दिसता तुम्ही त्याले?" स्टुडिओवाल्याला दुकानात बोलावलं. बंडी, खांद्यावर दुपट्टा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, मागे साखरेची पोती. तो फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून आम्ही डब्यात ठेवला. मुन्नाने तो पाहिला, वास घेतला, परत ठेवला. दिवस गेले. डबा उघडल्याचा आवाज आला की मोठेबाबांची मान वळायची, आणि मुन्ना गडू किंवा बिस्किट घेऊन गेला की ते वर आढ्याकडे बघायला लागायचे. राखलेला महिना संपत आला.

मग ती दुपार. गिऱ्हाईक नव्हतं, बाबा डोळे मिटून तराजूशेजारी भिंतीला टेकले होते, मी दारात तांदूळ निवडत होते. मुन्ना पोत्यावरून उतरला, डब्यात शोधाशोध केली, आणि येऊन फळीवर काहीतरी ठेवलं, बरोबर मोठेबाबांसमोर. बाबा सवयीने जागे झाले आणि माल काढायला मागे वळले, मग थांबले. मोठेबाबांनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हा काय मांगून राह्यला वं?" आई पडद्यापाशी येऊन उभी होती. ती म्हणाली, "तुमाले मांगून राह्यला, भाऊजी."

मोठेबाबा गादीवरून उठले. गुडघे धरत धरत फळीला वळसा घालून बाहेर आले आणि तांदळाच्या पोत्यावर बसले. मुन्ना त्यांच्या शेजारी चढला. त्यांच्याकडे त्याने बघितलं नाही, तराजूच्या पारड्याकडेच बघत राहिला, पण त्याचा खांदा त्यांच्या दंडाला टेकला आणि तो त्याने काढून घेतला नाही. मोठेबाबांनी दुपट्ट्याने चष्मा पुसला, डोळे पुसले, पुन्हा चष्मा पुसला. मग बाबांना म्हणाले, "जाय, नागपूरले फोन लाव. ते जागा दुसऱ्या कोन्या लेकराले देऊन टाका म्हना."